वीरगळावरचं परमुलखातलं नाव

उन्हानं तापलेल्या दगडावर गोडेतेल पडलं की वास सुटतो आणि लेकीची अमेरिकेहून आलेली मैत्रीण आठवते. ती तिथल्या मूळच्या डकोटा लोकांतली. गावच्या वीरगळाला तेल घालणाऱ्या माझ्या वडिलांना तिनं लेकीकरवी विचारलं, हा कोण? "नाव कुणालाच ठावं न्हाय. लढाईत पडलेला हाय, एवढंच." ती म्हणाली, जमीन बळकावणाऱ्या गोऱ्यांशी आमचेही लढले, पण आमच्या गावातल्या त्या लढाईच्या स्मारकाच्या दगडावर नावं फक्त गोऱ्यांची आहेत. वडिलांनी तेलाची वाटी तिच्या हाती दिली. "मग हितं घाल की, पोरी. तुझ्या माणसाचं नाव घे." तिनं दगडाला हात लावून खापरपणजोबाचं नाव घेतलं. पुढं दर अमावास्येला वडील ते नाव आपल्या कोल्हापुरी जिभेनं घेत राहिले. आता तेल मी घालतो. आधी ते नाव घेतो, मग वडिलांचं.