नाथाचं कोरडं गॅरेज

पेणजवळच्या गडब गावाला हायवेवरून आत वळलं की नाथाचं घर कोणीही दाखवील. फक्त विचारताना नाथाचं घर म्हणून विचारू नये, मिनीडोरवाल्याचं गॅरेज म्हणून विचारावं. 'त्या गॅरेजाला एक घरपण चिकटलंय बघा,' असं गावातले लोक सांगतात, आणि त्यात थट्टेपेक्षा खरेपणाच जास्त आहे. घर म्हणजे पुढे ओटी, त्यामागे दोन खोल्या आणि मोरी. शेजारी मात्र उंच छपराचं, लोखंडी दरवाजाचं, ऐसपैस गॅरेज, आणि त्यात नाथाची मिनीडोर, माणसं वाहणारी तीनचाकी.

ही थट्टा बरीच जुनी आहे. खाडीकाठच्या या गावांत पूर्वी घर बांधायचं तर रेती खाडीचीच असायची. जवळ मिळते, पण खारट. म्हणून तिला एक रीत होती. रेतीचा ढीग अख्खा पावसाळा उघड्यावर टाकून ठेवायचा. वरचं गोडं पाणी त्यातलं मीठ धुऊन नेतं. मग दिवाळीनंतर कामाला हात घालायचा. नाथाने घर बांधायला काढलं तेव्हा त्याच्याकडे एवढा दम कुठला! भावांची वाटणी नुकतीच झालेली, आणि यंदाचा गणपती आपल्या स्वतःच्या घरातच बसवायचा, हा हट्ट. "नाथा, रेतीला पाऊस दाखव रं," असं सांगून सांगून महिपती गवंडी थकला. नाथाने ऐकलं नाही. चैत्रात रेती पडली, आणि भाद्रपदात गणपती नव्या घरात बसले. हौस फिटली.

पुढच्याच वर्षी भिंतींना लोणा लागला, आतलं मीठ बाहेर फुटलं. तेव्हापासून चुना लावा, रंग लावा, सिमेंटचा हात मारा, श्रावण आला की भिंती घामेजतात आणि गिलावा पापडासारखा फुगून खाली येतो. उन्हाळ्यातसुद्धा आतल्या खोलीत अंथरूण कसं दमट लागतं. नाथाची बायको धोंडुबाई रोज केर काढते त्यात निम्मी भिंतच असते.

मग मिनीडोर आली, आणि नाथा एकदम शहाणा झाला. खारट भिंतीत लोखंड ठेवलं तर त्याची चाळण व्हायला किती वेळ? या वेळी त्याने रीत पाळली. गाडीवर ताडपत्री टाकली, रेतीचा ढीग परड्यात पसरला, फावड्याने वरखाली करत त्याला पूर्ण पावसाळा दाखवला. गॅरेज असं झकास उतरलं की आजतागायत त्याच्या भिंतीला ओल माहीत नाही. तेव्हापासून गावाने बोल लावला तो कायमचा: माणसांना घाई आणि गाडीला पावसाळा. नाथा यावर रागावत नाही. "गाडी कमावते, तुम्ही बसून खाता," एवढंच म्हणतो.

माणूस तसा गुणी. साठी उलटली, एका डोळ्याचा मोतीबिंदू काढून झाला, तरी सकाळी पेणची फेरी आणि दुपारी नागोठण्याची फेरी त्याची ठरलेली. रस्ता चौपदरी झाला, उड्डाणपूल आले, लोकांच्या दारात मोटारसायकली आल्या, तरी नाथाच्या गाडीला माणसं आहेत. कारण नाथा थांबतो. एखादी म्हातारी शेताच्या बांधावरून हात करताना दिसली, की ती रस्त्याला लागेपर्यंत गाडी उभी. आतली माणसं करवादतात, नाथा ढिम्म हलत नाही. गाडीत बसला की तो कोणाचा बाप नसतो, कोणाचा नवरा नसतो, तो नाथाशेठ असतो. घरी त्याला शेठ कोण म्हणणार?

आणि नेमकं त्याच गॅरेजावर यंदा गंडांतर आलं.

नाथाचा मुलगा विशाल डोलवीच्या कंपनीत ठेकेदाराकडे कामाला आहे. एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा दुपारपाळी, एक आठवडा रातपाळी. रातपाळी करून आलेल्या माणसाने झोपायचं कुठे? पुढच्या खोलीत त्याची चार वर्षांची पोर, टीव्ही आणि येणारीजाणारी. म्हणून तो आतल्या खोलीत, आईच्या खाटेवर झोपायचा. पोर जरा ओरडली की खडबडून उठायचा, मग बायकोवर, दिपिकावर चिडचिड. अखेर होळीच्या सुमाराला त्याने बापाला सांगून टाकलं.

"बाबा, ग्यारेजची खोली करू. नाय जमत, तर मी पेणला भाड्याने जागा बघतो. माझी झोप नाय होत. कामावर डुलकी लागली तर जीव जाईल माझा."

पोरगं खोटं बोलत नव्हतं. पण गॅरेज गेलं तर गाडी कुठे? बाहेर ठेवली तर खाडीचा वारा दोन पावसाळ्यांत तिचा पत्रा खाऊन टाकील. ती विकली तर या वयात नवी घेणं नाही. म्हणजे गॅरेज गेलं की गाडी गेली, आणि गाडी गेली की नाथा ओटीवर बसणार, बाकीचे म्हातारे बसतात तसा. न द्यावं तर मुलगा, सून, नात पेणला जाणार आणि दमट भिंतींत नवराबायको दोघंच उरणार. नाथाला एकही पटत नव्हतं. त्याने तेच केलं जे अशा वेळी शहाणी माणसं करतात: काहीच केलं नाही. घोंगडं भिजत पडलं.

घोंगडं भिजत पडलं की त्यावर मत द्यायला सगळे येतात. रोह्याला दिलेली मुलगी मृणाली फोनवरून म्हणाली, खोली कराच, पण एसी बसवा. दिपिकाचं माहेर हमरापूरचं, गणपतीच्या मूर्ती करणाऱ्यांचं. तिच्या वडलांनी निरोप धाडला की खोली मोठी झाली तर चार मूर्ती रंगवायला इकडेच पाठवता येतील. शेजाऱ्यांनी सुचवलं, गाळा काढा, भाडं येईल. एका गॅरेजात मृणालीचा एसी, व्याह्यांचे गणपती आणि शेजाऱ्यांचा गाळा, सगळं मावलं. धोंडुबाई येईल त्याला चहा देत होती.

शेवटी विशालनेच महिपती गवंड्याला बोलावलं. म्हातारा टेप घेऊन आला, भिंती ठोकून पाहिल्या, खूश झाला.

"भिंती कशा खणखणीत हायत! एक खिडकी फोडायची, लादी टाकायची, झाली खोली."

"आणि गाडी?" नाथाने विचारलं.

"गाडी इक."

"तू आधी तुझी थापी इक!" नाथा भडकला. "माझ्या दारात येऊन माझी गाडी इकायला सांगतोस?"

"बाबा, ते काय चुकीचं बोलले?" विशाल मध्ये पडला. रात्रभर जागून त्याचे डोळे लाल झाले होते.

"मी मेलो की करा खोली! तोवर ग्यारेजाला हात लावायचा नाय!"

विशाल तिथून उठला. आत गेला आणि आईच्या खाटेवर कूस वळवून पडला. महिपतीने टेप खिशात घातली. दिपिका पोरीला कडेवर घेऊन शेजारी निघून गेली, नवऱ्याला झोप मिळावी म्हणून. ओटीवर रिकाम्या कपबशा राहिल्या, आणि एकटा नाथा. धोंडुबाईने कपबशा गोळा केल्या, विसळल्या, आणि काखेत गोधडी मारून बाहेर आली.

"कुठं चाललीस गो?"

"जरा आडवी होते. सकाळधरनं पाठ मोडलीय."

"आडवी कुठं होतेस? आत तो झोपलाय."

"ग्यारेजात. एवढं सगळी भांडताव त्याच्यावरनं, बघू तरी काय हाय तिथं."

नाथाला हसू आलं. म्हातारीला गाडीशेजारी झोप लागणार म्हणे! तो ओटीवरच टेकून बसला आणि महिपतीला मनात शिव्या देत राहिला. पेणला जागा म्हणजे काय, अनामत, भाडं, सारखं जाणंयेणं. विशाल जाणार नाही, नुसता भीती घालतो. मग वाटलं, जाईल. आपणही असंच बापाला सांगून वेगळं झालो होतो.

ऊन कललं, नागोठण्याच्या फेरीची वेळ झाली. नाथा उठला, चावी घेतली, दरवाजा सरकवायला वाकला आणि तसाच थांबला. दरवाजा अर्धा उघडा होता.

मिनीडोरच्या पलीकडे, भिंतीला लागून, धोंडुबाई उताणी झोपली होती. पाय सरळ. एक हात डोक्यावर, तोंड किंचित उघडं, आणि चक्क घोरत होती.

नाथा बघत राहिला. ही बाई सरळ झोपते हेच त्याला माहीत नव्हतं. आतल्या खोलीत ती पाय पोटाशी घेऊन झोपायची, कूस बदलताना प्रत्येक वेळी "आई गं" म्हणायची. त्याला वाटायचं, बायकांची सवय असते. सकाळी भिंतीला धरून उठायची, त्याला वाटायचं, वय झालं. लग्नाच्या पहिल्या वर्षानंतर तिला अशी झोपलेली त्याने पाहिली नव्हती. तेव्हा ती त्याच्या बापाच्या जुन्या घरात होती, आणि त्या भिंती कुडाच्या होत्या. नाथाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खोली विशालची, खोली सुनेची, खोली भाडेकरूची, सगळ्यांची नावं घेऊन झाली होती. एवढ्या दिवसांत तिला कोणी विचारलं नव्हतं, त्याने तर नाहीच नाही.

गाडी सुरू केली असती तर छप्पर दणाणलं असतं. त्याने चावी खिशात टाकली, चप्पल हातात घेतली आणि मागे फिरला.

नाक्यावर त्याच्या गाडीची नेहमीची बायजाबाई लेकीकडे जायला पिशवी घेऊन उभी होती, शिवाय आणखी दोघीजणी. नाथा चालत येताना दिसला तशी बायजाबाई ओरडली, "गाडी बिघडली काय रं?"

"नाय. गाडी बरी हाय."

"मंग आण ना लवकर. उशीर होतो."

"आज नाय काढत. धोंडू झोपलीय तिथं."

"अरे, मंग उठव तिला!"

"नाय उठवणार," नाथा म्हणाला.

बायजाबाईने त्याला खालपासून वरपर्यंत बघितलं. मागून दुसऱ्याची मिनीडोर आली. नाथाने रस्त्यात उभं राहून ती थांबवली, बायजाबाईची पिशवी स्वतः आत ठेवली आणि तिघींना बसवून दिलं. गाडी वळणाआड जाईपर्यंत तो उभा होता. मग त्याने फोन काढला.

"महिपती, उद्या ये. मी न् ती ग्यारेजात येतो, पोर न् टीव्ही दिवसा आमच्याकडं, आतली खोली विशालला. गाडी बाहेर ताडपत्रीखाली, चालेल तोवर चालेल."

"आता कसं शहाण्यासारखं बोललास. खिडकी कुठल्या अंगाला काढू?"

"ते मला काय ठावं?" नाथा म्हणाला. "ती उठली की तिला इचारतो."