दोनशे आठ सीडी ‘कोऱ्या आढळल्या’

दिनांक ११ जून २०१९, मंगळवार. दृष्टिहीनांसाठी चालणाऱ्या वाचनालयाच्या तपासणी-नोंदवहीत पुढील शेरा आहे : ‘ध्वनिमुद्रित पुस्तकांच्या एकूण २०८ सीडी तपासल्या. सर्व कोऱ्या आढळल्या. मुद्रणाचा जुना लॅपटॉप नादुरुस्त. दोन्ही भंगारात काढण्यास हरकत नाही.’ खाली वाचनालयाच्या सचिवांची सही आहे. या चार वाक्यांपैकी मधली दोन खोटी आहेत आणि सही करणाऱ्याला ती खोटी असल्याचे पक्के ठाऊक होते. तक्रार एवढीच आहे. बाकीचे सांगायचे ते, ही दोन वाक्ये कोणाच्या गळ्यावर फिरली हे कळावे म्हणून.

त्या सीडींवर आवाज आहे तो वाचकबाईंचा. वाचनालयात त्यांना दुसऱ्या नावाने कोणी हाक मारलेली नाही. त्याआधी एकोणीस वर्षे त्या बसस्थानकावर उद्घोषक होत्या. त्यांचे ‘फलाट क्रमांक चार’ ऐकले की बाकावर पेंगणारी माणसेही आपसूक पिशव्या उचलत. पुढे तेथे ध्वनिफीत वाजवणारे यंत्र आले. स्थानकप्रमुखाने त्यांना समोर बसवून सांगितले, “बाई, पहिल्या तारखेपासून तुमच्या जागी टेप. मला वाईट वाटतंय, पण आहे हे असं आहे.” बाईंनी टेबलाचा खण रिकामा केला आणि घरी आल्या. त्या माणसाविषयी त्यांच्या तोंडून कधी वाकडा शब्द निघाला नाही. तोंडावर सांगितले, यातच सगळे आले, असे त्यांचे म्हणणे.

घरी बसून चार महिने झाले आणि त्या वर्तमानपत्रातल्या निविदासुद्धा मोठ्याने वाचू लागल्या, तेव्हा यजमानांनी हात टेकले. ते नकाशे काढण्याच्या कचेरीत होते. कचेरीने मोडीत काढलेला एक जाडजूड लॅपटॉप त्यांनी साहेबांच्या लेखी परवानगीने वाचनालयाला मिळवून दिला, आणि लॅपटॉपबरोबर बायकोही.

“घरात काही विचारलं तर हूं नाही की चूं नाही,” ते म्हणायचे, “आणि तिकडे सलग तीन तास बोलतेस.”

“तिथं कुणी मध्ये बोलत नाही,” बाई म्हणायच्या.

ध्वनिमुद्रणासाठी त्यांना जिन्याखालची खोली मिळाली. तेथे त्यांना भेटला ऑपरेटर. कारखान्याच्या टेलिफोन बोर्डावर काम केलेला, चौतिसाव्या वर्षी दृष्टी गेलेला, जिभेला धार असलेला माणूस. आज तोच सचिव आहे. तेव्हा तो नुसता सभासद होता आणि त्याचे नाव सगळ्यांनी ऑपरेटरच ठेवले होते. बाईंनी एका दुपारी त्याचे बोट धरून त्याला तो लॅपटॉप शिकवला.

“ही पुढची कड. हे खाचांचं चाक, आवाजाचं. आपल्याकडे फिरवलं की वाढतो. त्याच्या डावीकडे सरकणारी कळ लागली? ती वायरलेसची. मुद्रण करताना कायम बंद, नाहीतर आवाजात खरखर येते.”

“आणि हे उजव्या अंगाला लांबट?”

“सीडीच्या ड्राइव्हचं बटण. दाबलं की खण बाहेर येतो. अडकलाच तर त्याच्याखाली टाचणीएवढं भोक आहे, त्यात सरळ केलेली क्लिप हलक्या हातानं घालायची.”

“बाई, माझ्या बोर्डावर दोनशे भोकं होती. एकानं काय होतंय!”

आठवड्याभरात तो बाईंपेक्षा सफाईने तो लॅपटॉप चालवू लागला. सभासद पाळीपाळीने कानाला हेडफोन लावून बसत आणि सीडी बदलण्याचे काम तोच करी.

दुसरे की तिसरे पुस्तक रहस्यकथेचे होते. ऐकून झाल्यावर ऑपरेटर जिन्याखाली आला तो ओरडतच. “बाई, खून झाला, फौजदार आला, रडारड झाली, पण मेलं कोण?” पुस्तक उघडून पाहिले तर दोन पाने एकमेकांना चिकटलेली. बाई ओशाळल्या. सुटलेला मजकूर त्याच सीडीच्या शेवटी जोडावा असे ठरले, आणि तेथून पुढची पद्धत ऑपरेटरनेच घालून दिली. मुद्रण संपले की सीडी बंद करण्याची एक आज्ञा लॅपटॉपला द्यावी लागते. ती दिली की सीडी कोणत्याही यंत्रात चालते, पण तिच्यावर पुन्हा काही भरता येत नाही.

“मग देऊच नका,” तो म्हणाला. “उघडी ठेवा. मी चुका काढीन, तुम्ही जोडत जा.”

“अरे, पण उघडी सीडी बाहेर कुठं चालणार नाही. ज्या ड्राइव्हवर भरली त्यातच वाजेल. दुसऱ्यात घातली तर कोरीच दिसेल.”

“हा लॅपटॉप जातोय कुठं? आणि मी कुठं जातोय?”

अकरा वर्षे असे चालले. त्रेसष्ट पुस्तके, दोनशे आठ सीडी. ऑपरेटर चुका काढी, बाई जोडत. अनेक सीडींच्या शेवटी दुरुस्तीआधी बाईंचे एक वाक्य येते : ‘ही चूक ऑपरेटर यांनी दाखवली, आभार.’ माणसाने माणसावर यापेक्षा अधिक विश्वास कसा टाकायचा?

गेल्या वर्षी ऑपरेटर सचिव झाला. या वर्षी पुस्तक आपणहून वाचणारी चार यंत्रे आली. ती पान स्वतः टिपतात आणि त्याच दमात वाचतात. वाक्याच्या मध्ये पानाचा आकडाही वाचतात, पण वाचतात, दिवसा-रात्री, कोणाच्याही सवडीवाचून. बाईंना कोणी काही बोलले नाही. जूनमध्ये त्या नव्या पुस्तकाला हात घालायला आल्या तर जिन्याखाली झाडू आणि बादल्या होत्या.

“लॅपटॉप भांडारात गेला, बाई,” भांडारपाल म्हणाला. “मोडीत निघाला. नोंदवहीत आलंय.”

बाईंनी नोंदवही मागवली. शेरा उभ्यानेच वाचला. आयुष्यभर मोठ्याने वाचलेल्या बाईंनी या चार ओळी मनातल्या मनात वाचल्या आणि म्हणाल्या, “मला तो लॅपटॉप दाखवता?”

भांडारपाल भिडस्त माणूस. त्याने कुलूप काढले. लॅपटॉप खिडकीशी स्टुलावर होता आणि त्याची वायर भिंतीतल्या प्लगला लावलेली होती. नादुरुस्त वस्तूला वीज कशाला, हे बाईंनी विचारले नाही. त्यांनी उजव्या अंगाचे बटण दाबले. खण एका झटक्यात बाहेर आला. आत एक सीडी होती. एकशे सत्तेचाळीस क्रमांकाची, बाईंच्याच हातचे आकडे. त्यांनी ती कडेने उचलली तेव्हा ती कोमट लागली.

“इथं कोण बसतं?”

भांडारपालाने मान खाजवली. “सचिवसाहेबच येतात की. जेवणाच्या सुट्टीत. आत्ताच गेले. मला म्हणाले, दार ओढून घे.”

वीस पायऱ्या चढून बाई सचिवांच्या खोलीत गेल्या. पावलांवरून त्याने ओळखले. “या, वाचकबाई. बसा.”

“बसत नाही. सीडी तपासल्या म्हणे.”

“तपासल्या. नव्या संगणकाला बाहेरून जोडायचा ड्राइव्ह आणलाय, त्यात घालून बघितल्या. एकही वाजली नाही.”

“वाजणार नाहीत, हे तुला मी अकरा वर्षांपूर्वी सांगितलं होतं. आणि उघड्या ठेवा, हे तू मला सांगितलं होतंस.”

तो टेबलावरचे कागद सारखे करू लागला.

“एकशे सत्तेचाळीस कितपत ऐकून झाली?”

टेबलावरचा त्याचा हात थांबला. मग तो हळू आवाजात म्हणाला, “बाई, तुमचे यजमान जिन्यावरून पडले तेव्हा सहा आठवडे खोलीला कुलूप होतं. आमच्यातल्या एकाची परीक्षा होती त्या वेळी. तो रोज येऊन दाराशी उभा राहायचा. दुसऱ्याच्या घशावर जगणं काय असतं ते तुम्हांला नाही कळायचं. सीडी चालताहेत असं लिहिलं असतं, तर वाचनालयाचं मंडळ म्हणालं असतं, आहे की सोय, यंत्रं कशाला?”

“मग तसं म्हणायचंस! बाईच्या सवडीवर राहायचं नाही, यंत्रं द्या, असं लिहायचंस. मी स्वतः खाली सही केली असती.”

“तसं लिहवत नाही.”

“का?”

“तुमचा अपमान झाला असता.”

“आणि कोऱ्या लिहून मान राखलास? उद्या इथं येणारा माणूस काय वाचेल? एक बाई अकरा वर्षं जिन्याखाली भिंतीशी बोलत होती!”

“बाई, हळू.”

“हळू बोलायला शिकले नाही मी. आणि मग दुपारी चोरून ऐकतोस कशाला?”

“ते माझं मी बघीन,” तो म्हणाला, आणि घंटी वाजवून त्याने शिपायाला बोलावले. ज्या माणसाचे बोट धरून बाईंनी त्याला खाच आणि कळ दाखवली, त्याने त्यांना दाराची वाट दाखवायला शिपाई बोलावला.

घरी आल्यावर यजमानांनी दोनदा विचारले तेव्हा बाई एवढेच म्हणाल्या, “टेप लावली तेव्हा प्रमुखानं समोर बसवलं होतं.”

बाईंनी रीतसर अर्ज केला. लॅपटॉप चालू आहे, सीडी भरलेल्या आहेत, भांडारात येऊन स्वतःच्या कानांनी ऐका, असे लिहिले. मंडळाचे उत्तर दहा दिवसांनी आले : ‘सचिवांच्या स्वाक्षरीने झालेल्या नोंदीचा फेरविचार करण्याची तरतूद नाही. भंगाराची उचल ३० ऑगस्ट रोजी होईल.’ भांडारपालाची बदली दरवाजावर झाली. भांडाराला नवे कुलूप आले आणि त्याची किल्ली सचिवांच्या खिशात आहे. तो अजूनही दुपारी तेथे जातो की नाही, हे सांगायला आता कोणी उरलेले नाही.

यंत्रे नकोत असे बाईंनी एकदाही म्हटलेले नाही. यंत्रे राहू देत, आणखी चार येऊ देत. पण त्या जुन्या ड्राइव्हवाचून त्या सीडी कशा वाजवायच्या, हे वाचनालयात कोणालाही माहीत नाही. तो भंगारात गेला की दोनशे आठ सीडी खरोखरच कोऱ्या झाल्यासारख्या आहेत आणि सचिवांचा शेरा मागाहून खरा ठरेल. त्याच लॅपटॉपवर प्रत्येक सीडी रीतीप्रमाणे बंद केली, तर ती कोणत्याही यंत्रात चालेल. एका सीडीला चार मिनिटे लागतात. दोनशे आठ सीडींना चौदा तास.

वाचकहो, तुमच्यापैकी बहुतेक जण या वाचनालयाचे सभासद आहेत आणि अनेकांना हा मजकूर कोणीतरी वाचून दाखवत असेल. नियमाप्रमाणे पंचवीस सभासदांनी लेखी मागणी केली, तर मंडळाला विशेष सभा बोलवावी लागते. ३० ऑगस्टच्या आत ती मागणी करा. ज्यांना सही करता येत नाही त्यांनी अंगठा द्यावा. सभेत दोनच गोष्टी मागा : तो शेरा रद्द करा, आणि भांडाराची किल्ली चौदा तासांसाठी वाचकबाईंच्या हातात द्या.