जास्वंदीतली तार

आमच्या ह्यांना माळी चालत नाही. मागे एकदा माळ्यानं अनंताच्या झाडाचा पार खुंट करून ठेवला, तेव्हापासून बागेची कात्री ह्यांच्याच हातात. वय वर्षं चौऱ्याहत्तर, पण ते फक्त आधार कार्डावर.

वारज्यातल्या आमच्या बैठ्या बंगल्याच्या कंपाउंडला लागून जास्वंद आहे. दोन वर्षांत ती माजली होती, तिच्या अंगावर जाई चढली होती, आणि जाईनं वरून खांबाकडून येणारी विजेची तार गाठली होती. तारेचं काळं आवरण उन्हानं ठिकठिकाणी तडकलेलं. मी आठ दिवस म्हणत होते, वायरमनला बोलवा. उत्तर ठरलेलं. "तीस वर्षं नववीला वीज शिकवलीय मी. तू मला सांगू नकोस."

फेब्रुवारीतल्या त्या सकाळी ह्यांनी मीटरखालचा मेन स्विच पाडला, घरातला पंखा बंद झाल्याचं मला दोनदा बघायला लावलं आणि मोठ्या स्टुलावर चढले. कानातलं मशीन माझ्या हातात दिलं. फांदीला अडकून पडलं तर पाल्यात कुठे शोधायचं, म्हणून. मशीन नसलं की ह्यांना ढग गडगडलेलेही ऐकू येत नाहीत. मी ते ब्लाउजमध्ये ठेवलं आणि स्टूल धरून उभी राहिले.

जास्वंदीच्या फांद्या पडायला लागल्या. कळ्यांसकट. मला हळहळ वाटत होती, तोंडानं पुटपुटतही होते, ऐकणारं कोण होतं म्हणा. मग ह्यांनी कात्री वर, जाईकडे नेली. लोखंडी दांड्यांची कात्री, मुठीचं रबर कधीच निघून गेलेलं.

तेवढ्यात माझं लक्ष मीटरकडे गेलं. त्याच्यावरचा लाल दिवा लागलेला होता.

घरात वीज नाही, मग मीटरला कुठून? आणि मग डोक्यात प्रकाश पडला. तार खांबावरून आधी मीटरला येते, स्विच त्याच्या नंतर. घर बंद होतं, तार चालू होती. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो असा.

"अहो, थांबा," मी ओरडले. तीनदा ओरडले. समोरच्या घरातून कोणीतरी डोकावलं, ह्यांनी मात्र मान वळवली नाही. कात्रीचं पातं आणि तार यांत वीतभर अंतर राहिलं होतं. स्टूल हलवावं तर हे तारेवरच पडायचे. पोटरीला चिमटा काढावा तर दचकून हात वर जायचा. ह्या माणसाशिवाय मला एक दिवस काढता येणार नाही, हे त्या क्षणी लख्ख कळलं, आणि रागही तेवढाच आला.

एकेचाळीस वर्षांत आम्ही रस्त्यात कधी हातात हात घेतला नाही. मी त्यांच्या दोन्ही गुडघ्यांना मिठी मारली आणि गाल मांडीवर टेकवून घट्ट धरून ठेवलं.

कात्री हळूहळू खाली आली.

"अगं, हे काय? लोक बघताहेत."

एक हात सोडून मी मीटर दाखवला. त्यांनी लाल दिवा पाहिला. मग एकेक पाय चाचपत उतरले आणि पायरीवर बसले. मी मशीन दिलं, पण त्यांना ते कानात नीट बसवता येईना. शेवटी मीच बसवलं.

"नववीच्या पुस्तकात आकृती आहे याची," ते म्हणाले. "फळ्यावर काढायचो मी."

आठ दिवसांचे टोमणे माझ्या जिभेवर तयार होते. मी शेजारी बसले आणि त्यांच्या खांद्यावरचा पाला झटकला.

"मघाशी काही म्हणत होतीस का?"

"थांबा म्हणत होते."

त्यांनी कात्री उचलली, पाती मिटवली आणि माझ्या मांडीवर ठेवली.

"वायरमनचा नंबर लाव," ते म्हणाले. "आणि जरा बस इथेच."