मी वाकडी अक्षरं सरळ केली

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. नंतर चहा नाकात गेला तर मला बोल लावाल! फजिती माझीच आहे, आणि ती मी कुणाचीही मदत न घेता केलेली आहे.

मी पौडातला पाट्या रंगवणारा. शाळा चौथीत सुटली, पण अक्षर बघाल तर मोत्याचे दाणे! कुणाचं अक्षर वाकडं दिसलं की त्याची टर उडवल्याशिवाय मी पुढं जात नाही.

आमच्या मागच्या खोलीत केतकी भाड्यानं राहते. पुण्याच्या कॉलेजात मानसशास्त्र शिकते. एक दिवस म्हणाली, "आबा, उद्या सकाळी आठ-दहा जण जमवाल? शब्द दाखवायचे आणि किती लक्षात राहतात ते बघायचं. परवा कॉलेजात द्यायचंय."

"आठ-दहा? अख्खं पौड आणतो!"

सकाळी ओटा भरला. लावणीचे दिवस, सगळ्यांना शेतावर पळायची घाई. केतकी आत आवरत होती आणि तिचे कागद माझ्यासमोर. एकेका कागदावर एकेक शब्द. अर्धे कागद झकास. पण उरलेले? अक्षरं पुसट, तिरपी, एकमेकांच्या अंगावर कलंडलेली, जणू पिऊन परतलेली वरात!

"झेरॉक्सवाल्यानं पोरीला फशिवली की!" मी म्हणालो. जाड मार्कर काढला आणि एकेक अक्षर प्रेमानं गिरवून उभं केलं. ओट्यावरची माणसं वाहवा करतायत, मी आणखी फुगतोय.

केतकी बाहेर आली आणि मटकन खालीच बसली.

"आबा, हे काय केलंत?"

"सरळ केली. आभार मागनं मान."

"अहो, ती मुद्दाम वाकडी होती! वाचायला त्रास पडला तर शब्द जास्त लक्षात राहतो का, तेच बघायचं होतं!"

आता तुम्हीच सांगा, मुद्दाम घाण अक्षर कुणी काढतं का? पण पोरीच्या डोळ्यांत पाणी आलेलं. लाइट गेलेली, झेरॉक्सचं दुकान बंद, आणि माणसं उठायच्या बेतात.

"थांब, मीच वाकडं लिवून देतो," म्हणालो. जुन्या कॅलेंडरची पाठ घेतली. हात थरथरवून बघितला, डोळे मिटून बघितलं. मेलं अक्षर सरळच!

"ह्यांचं सगळं वाकडं, अक्षर तेवढं सरळ," आमची मंडळी चुलीपाशनं बोलली. ओटा खदखदला.

शेवटी केतकीनं डाव्या हातानं भराभर लिहून काढलं. असली भयाण अक्षरं की मला बघवेना! पण परीक्षा पार पडली. वाकड्या अक्षरांनी कुणाचं डोकं फारसं उजळलं नाही. कुणाला हे आठवलं, कुणाला ते. तिला मात्र तेवढं पुरे होतं. जीव भांड्यात पडला.

मग ती माझ्याकडं वळली. "आबा, आता तुम्ही. तुम्ही तर एकेक अक्षर गिरवलंय. सगळे शब्द पाठ असतील. सांगा."

मी तोंड उघडलं. आणि काय सांगू? एक शब्द येईना!

"एक ळ व्हता," मी म्हणालो. "पोट लई गोंडस उतरलं व्हतं त्याचं."

"शब्द, आबा."

"शब्द..." खरंच, मी अक्षराची पाठ बघतो, कंबर बघतो, डोक्यावरची रेघ बघतो. शब्द मध्ये कुठं येतो? जन्मभर गावाला वाचायला लावलं आणि स्वतः एक पाटी वाचली नाही, हे तेव्हा पहिल्यांदा डोक्यात आलं. जरा चरकलोच.

तेवढ्यात आमचा किराणावाला दोस्त युसूफभाई मांडीवर थाप मारून ओरडला, "तरीच! येष्टी स्टँडच्या भितीवर 'येथे थुंकू नये' तूच रंगिवलंस, आणि पान खाऊन तितंच पिचकारी मारलीस!"

खोटं कशाला बोलू? मारली होती. दंड मागायला आलेल्या साहेबाला हात जोडून म्हणालोही होतो, "सायेब, आमी अडाणी. वाचाया येत न्हाई."

हातातला ब्रश अजून ओला होता!