शिरा परतू
दोडक्याचा आणि भाजक्या तिळाचा वास एकत्र आला की मला अजून कोंडल्यासारखं होतं. लग्नाला आठवडाच झाला होता. राहुरीच्या एका मार्टमध्ये मी ट्रॉलीत बिस्किटांचा पुडा टाकला, तो सासूबाईंनी उचलून परत ठेवला. “घरी जाऊन शिरा परतू,” म्हणाल्या. मी तुपाच्या वासाची वाट बघत घरी आले. त्यांनी मोरीच्या पाण्यावर वाढलेल्या वेलाचा दोडका तोडला आणि खरवडायला बसल्या. “आगं, ह्या दोडक्याच्या शिरा! चटनी करायची. टाकून देत्यात व्हय?” माहेरी फोन करून तरी काय सांगणार? त्या वेलानं खिडकीचे गजसुद्धा झाकले होते. मी भाकरीबरोबर चटणी गिळली. आता सासूबाई नाहीत. काल लेकीनं दोडक्याच्या शिरा कचऱ्यात टाकल्या, आणि माझ्याच तोंडून निघालं, “टाकून देत्यात व्हय?”