न्हाणीघराच्या छतावरची झारी

आमचं बेंगळूरचं न्हाणीघर एवढंसं होतं की साबण पडला तर तो उचलायला आधी बाहेर यावं लागे. त्यातच चुलीवर बसवलेला तांब्याचा हंडा, खाली लाकडं, डोक्यावर लाकडी वासे. एकदा दोरीवरचा पंचा पेटला आणि अण्णांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, ते मनावर घेतलं. ते कापडगिरणीत फोरमन होते. तिथे छताला पाण्याचे नळ होते; आग लागली की उष्णतेने त्यांची बुचं वितळत आणि वरून पाणी कोसळे. "गिरणीला नियम, मग घराला का नको?" असं म्हणत त्यांनी गच्चीवर पिंप चढवलं, नळी खाली आणली, तिला झारीचं तोंड बसवलं आणि त्याची भोकं मेणाने बुजवली. आईने कपाळाला हात लावला.

मग दिवाळी आली. माझ्या थोरल्या बहिणीचं, अक्काचं, नुकतंच लग्न झालेलं. बी.ए.चं शेवटचं वर्ष माहेरी राहून पुरं करायचं तिच्या फार मनात होतं, पण बेळगावच्या सासरी शब्द टाकणार कोण? दिवाळसणाला जावई आले. आई म्हणाली, "स्वल्प थांब. अभ्यंगस्नान होऊ दे, जेवण होऊ दे, मग हळूच विचार."

आमच्याकडे आदल्या संध्याकाळी पाणी भरायचा सण असतो. हंडा घासून, त्याला चुन्याचे पट्टे ओढून, गळ्यात कारल्याचा वेल बांधून काठोकाठ भरायचा, आणि पहाटे असा जाळ करायचा की पाणी खदखदलं पाहिजे. अण्णांनी झारी तपासली होती ती रोजच्या बेताच्या जाळावर. हे कोणाच्याच डोक्यात आलं नाही.

जावई तेल-उटणं माखून आत गेले. ऊब जाऊ नये म्हणून आईने दार ओढून घेतलं. आम्ही ओवाळायचं तबक घेऊन बाहेर उभे. आतून "अगं आई गं!" अशी आरोळी आली, मग चूल फुसकन विझली, मग अख्खं पिंप धबाधबा रिकामं झालं. दार उघडलं तर जावई पंचा घट्ट धरून उभे, अंगावर उटण्याचे आणि राखेचे ओघळ, दात कडकड वाजतायत; वरचं गार पाणी पडून हंडाही थंडगार झालेला.

अण्णा लगबगीने पुढे झाले. "जावईबापू, आग विझली ना?"

"विझली, मामा. मीही विझलो."

आई तोंडात पदर कोंबून भिंतीकडे वळली. मी तबकासकट हसत सुटले. अक्का तर जमिनीवर बसून पोट धरून हसत होती. हसता हसताच मला वाटलं, संपलं, आता कसलं कॉलेज!

"कोणीतरी गरम पाणी द्या हो," जावई कुडकुडत म्हणाले.

अक्का उठली, डोळे पुसले, कोरडी लाकडं आणली आणि काडेपेटी घेऊन चुलीपाशी बसली. चार माणसांत नवऱ्याशी ती तोवर धड बोललीही नव्हती.

"परीक्षा होईपर्यंत मी इथे राहू का? सांगा, मग पेटवते."

"अगं!" आई ओरडली.

"राहा, राहा!"

अक्काने काडी पेटीवर टेकवली आणि तशीच धरली. "घरी तुम्ही सांगायचं."

"मीच सांगेन! पेटव गं आता!"

अक्काने काडी ओढली.