चुरमुरे आणि मोटार

"मासे रुसले बघ, नवस उशिरा फेडला ना," आत्या काकांच्या कानाशी ओरडली, कारण होडीच्या मोटारीच्या आवाजात दुसरं काही ऐकूच येत नव्हतं. घरात बाळ झालं की टी. नरसीपूरला कावेरीच्या संगमावर होडीतून माशांना चुरमुरे घालायचे आणि मासे वर आले की नवस पोचला असं समजायचं, ही आमच्याकडची रीत. मोटारीची होडी मात्र त्या दिवशी पहिल्यांदाच केली होती. चुरमुरे नुसतेच तरंगत होते आणि बाळाला मांडीवर घेतलेल्या ताईचा चेहरा उतरत चालला होता. मी मागे बसून कॉलेजचा पाण्यातला माइक खाली सोडला होता. काठाशी असताना त्यात माशांचे टकटक, कुरकुर असे आवाज ऐकून अंगावर काटा आला होता. आता हेडफोनमध्ये फक्त मोटारीची घरघर होती. "परत चला," आत्या म्हणाली, तेवढ्यात पंख्यात जलपर्णी अडकली आणि मोटार बंद पडली. शांतता झाली. थोड्या वेळाने हेडफोनमध्ये एक टकटक आली, मग दुसरी, मग कितीतरी! मी उठले तशी होडी डुलली. "अय्यो, सुम्ने बस की, गप्प," आत्या खेकसली. मोठ्यांच्या मध्ये मी कधी बोलत नाही, अजूनही नाही. पण डिझेलचा वास आला की माझा तो मोठ्याने निघालेला आवाज आठवतो: "आत्या, मासे रुसले नाहीत, खाली बोलतायत. मोटार लावू नका. ताई, आता टाक चुरमुरे."